शांत खोलीची किल्ली

“चावली म्हणजे चावली. यात समजून घेण्यासारखं काय असतं, मॅडम?”

सुपरवायझर सरांनी बँडेज बांधलेलं मनगट माझ्यासमोर धरलं. शेजारी प्रिन्सिपल मॅडम. समोर प्रज्ञाचे वडील, खडकीहून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेले. त्यांच्यापुढे सतरा नंबरचा फॉर्म. म्हणजे मुलीला शाळेतून काढा आणि दहावीला बाहेरून बसवा. गेटवर मात्र ‘सर्वसमावेशक शाळा’ असा हातभर बोर्ड.

मी स्पेशल एज्युकेटर. आठवड्यातून दोन दिवस या शाळेत जाते. प्रज्ञा पंधरा वर्षांची, ऑटिस्टिक. गोंगाट वाढला की तिला मेल्टडाउन होतो. मेल्टडाउन म्हणजे हट्ट नव्हे. ताण इतका चढतो की शरीर ताब्यात राहत नाही. तो येतोय हे ओळखून वेळेत बाजूला व्हायला मी तिला सहा महिने शिकवलं. निळं कार्ड दाखवायचं, शांत खोलीत जायचं, बरं वाटलं की परत यायचं. खोली शाळेनेच केलेली. जूनमध्ये फीत कापली, फोटो काढले, पेढे वाटले.

“तुमच्या रिपोर्टमध्ये ‘विनाकारण कॉरिडॉरमध्ये बसली’ असं लिहिलंय,” मी सरांना म्हटलं. “ तिला विचारलंत?”

“ती काय सांगणार?” सर म्हणाले.

मी तिला बोलावलं. तिने टेबलाकडे बघत क्रमाने सांगितलं.

“वर्गात बाक ओढत होते. मी कार्ड दाखवलं. खोलीपर्यंत चालत गेले. कुलूप होतं. शिपाईकाका म्हणाले, किल्ली प्रिन्सिपल मॅडमकडे, मॅडम मीटिंगमध्ये. मी दाराशी बसले, कान झाकले. सरांनी हात धरून ओढलं. मी तीनदा ‘नको’ म्हटलं. मग चावले.” ती पुढे म्हणाली, “कुलूप असेल तर काय करायचं, ते बाईंनी शिकवलं नव्हतं.”

हे माझ्यासाठी होतं. आणि खरं होतं.

“कुलूप कशासाठी, मॅडम?” मी विचारलं.

“अहो, मुलं बीनबॅग खराब करतात. ट्रस्टी येतात बघायला.”

धन्य! खोली ट्रस्टींच्या शांततेसाठी होती तर.

वडिलांनी फॉर्म मागे सरकवला. “चावली ते चुकलंच. ती माफी मागेल. पण मी सही करणार नाही. तिला जेवढं शिकवलं, तेवढं तिने केलंय. सर, तुम्ही काय केलंत?”

प्रिन्सिपल मॅडमनी फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला.

कुलूप त्याच दुपारी निघालं. प्रज्ञा त्याच शाळेतून दहावी देतेय. तिने सरांना चिठ्ठी लिहिली: ‘चावल्याबद्दल सॉरी. मला ओढू नका.’ सरांकडून उत्तर नाही. मी सगळ्या स्टाफचं दोन तासांचं ट्रेनिंग घेतलं, तेव्हा शेवटी सरांनी एकच शंका विचारली, सर्टिफिकेट कधी मिळणार?

आता मी कुठल्याही शाळेत आधी मोठ्यांना स्वतःवर ताबा ठेवायला शिकवते. त्यातच वेळ फार जातो.