तक्रारताईंची पानं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या आमच्या कंपनीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. नवीन माणूस धापा टाकत वर आला की आधी यावरच बोलायचा, आणि आम्हीही तो विनोद पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचो. मी तिथे सुट्या भागांचं स्टोअर सांभाळायचो. माझ्या काउंटरसमोर काचेची भिंत होती आणि काचेपलीकडे ताईंचं टेबल.

त्यांना सगळे तक्रारताई म्हणत. स्वतः त्या कधी कशाबद्दल तक्रार करत नसत. बंद पडलेल्या लिफ्टच्या तक्रारी फोनवर घ्यायच्या आणि मेकॅनिक पाठवायचा, हे त्यांचं काम. बावीस वर्षांत तीनशेच्या वर लिफ्ट त्यांच्या डोक्यात जाऊन बसल्या होत्या. कुठल्या इमारतीच्या मशीनरूमची किल्ली वॉचमनकडे नसते, खालच्या शिंप्याकडे असते. कुठले मालक दुपारी दोन ते चार दार उघडत नाहीत. कुठल्या दवाखान्याची लिफ्ट हवा दमट झाली की रुसते. मेकॅनिक निघता निघता त्यांच्या टेबलाशी थांबायचा, ताई फोनवर हात ठेवून दोन वाक्यं सांगायच्या आणि त्याचं तासाभराचं काम वीस मिनिटांत उरकायचं. ही व्यवस्था कुठल्याही कागदावर नव्हती. म्हणजे कंपनीच्या लेखी ती नव्हतीच.

मग पोर्टल आलं.

साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले होते. परत आले ते ‘आपण सगळे एकमेकांशी जोडले गेलो पाहिजे’ असं म्हणतच आले. आम्ही चौदा माणसं एकाच मजल्यावर बसत होतो आणि हाक मारली तर चहाच्या ओट्यापर्यंत ऐकू जायची, तरी जोडले गेलेलो नव्हतो म्हणे. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. प्रत्येकाला पासवर्ड मिळाला, नावापुढे हिरवा ठिपका मिळाला, आणि ठिपका विझला तर माणूस जागेवर नाही असं धरलं जाऊ लागलं. सहभागाला गुण होते. पोस्ट टाकली की पाच, दुसऱ्याच्या पोस्टला अंगठा दाखवला की एक. गुणांची यादी भिंतीवरच्या टीव्हीवर दिवसभर फिरत असे.

हिशेबनीस पहिल्या आठवड्यापासून पहिला. तो रोज सकाळी गुलाबाचं फूल टाकायचा, खाली ‘शुभ सकाळ’. त्यावर दहा-अकरा अंगठे. साहेबांच्या फुलाच्या अंगठ्यांचा तर आकडाच ठरत नसे, कारण लोक एकदा दाबून विसरत आणि पुन्हा दाबायला गेले की पहिला अंगठा निघून जाई. पोर्टलवरही त्याच नावाने नोंदलेल्या तक्रारताई यादीत चौदाव्या होत्या. त्यांना शून्य गुण होते.

“ताई, निदान एक फूल तरी टाका,” मी म्हटलं.

“फूल टाकू म्हणते तेवढ्यात फोन वाजतो हो,” त्या म्हणाल्या.

त्या महिन्यात त्यांच्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ताईंनी तीन दिवस रजा घेतली. बावीस वर्षांत सलग तीन दिवस पहिल्यांदाच. त्यांच्या जागी हिशेबनीस बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी एका जुन्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका लिफ्टमध्ये अडकल्या. मेकॅनिक पोचला पण मशीनरूमला कुलूप. वॉचमनकडे किल्ली नाही. ताईंचा फोन दवाखान्यात बंद होता. मेकॅनिकने ऑफिसला विचारलं, हिशेबनिसाने पोर्टलवर टाकलं, ‘किल्ली कोणाकडे आहे कुणाला माहीत आहे का?’ त्याला सहा अंगठे आले. शेवटी तास-सव्वा तासाने मेकॅनिकने कुलूप तोडलं. बाई शांतपणे बाहेर आल्या, त्याला म्हणाल्या, “बेटा, गणितात नापास झालेल्या मुलालासुद्धा मी इतका वेळ उभं केलं नाही कधी.”

किल्ली ज्याच्याकडे असते त्या शिंप्याचं दुकान तिथून चाळीस पावलांवर होतं. तो दिवसभर मशीन चालवत बसलेला होता.

ताई कामावर आल्या तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना जरा बरं वाटेल, माझ्यावाचून कसं अडतं बघा म्हणून. त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, “त्या बाईंना पाणी तरी दिलं का कुणी?”

त्याच दिवशी फोन जरा थंडावल्यावर त्यांनी पोर्टल उघडलं आणि पहिल्यांदाच त्यातली एकेक गोष्ट दाबून पाहिली. एका कोपऱ्यात ‘पानं’ नावाचं काहीतरी होतं. फूल टाकलं की ते संध्याकाळपर्यंत खाली वाहून जायचं. पान तिथेच राहायचं. कुणीही ते शोधू शकत होतं, कुणीही त्यात भर घालू शकत होतं. प्रशिक्षणात त्यावर अर्धं मिनिट खर्च झालं होतं, कारण पानांना गुण नव्हते.

ताईंनी पहिलं पान लिहिलं ते त्या शिंप्याच्या इमारतीचं. चार ओळी. किल्ली कुठे, शिंपी दुकान किती वाजता बंद करतो, त्याच्या घरचा नंबर, आणि ‘त्यांना मामा म्हणावं, लगेच उठतात’.

मग त्या रोज दोन-तीन पानं लिहू लागल्या. घरी त्यांच्या यजमानांना हे कळलं तेव्हा ते चिडले. ते एका शाळेत लिपिक होते आणि तिजोरीच्या किल्लीसारखं एक रजिस्टर त्यांनी अठरा वर्षं कुणाला दाखवलं नव्हतं. ताईंनी मला त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

“सगळं लिहून दिलंस तर उद्या तुला विचारणार कोण?”

“कुणी विचारू नये म्हणूनच लिहितेय.”

“म्हणजे आपल्या हाताने आपली खुर्ची मोडायची.”

“खुर्ची माझी नाहीच हो. कंपनीची आहे. चाकंही धड नाहीत तिची.”

किल्ल्या आणि वेळा ताईंना माहीत होत्या. लिफ्टच्या पोटातलं माहीत होतं मोठ्या मिस्त्रींना. एकतीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. कुठलीही लिफ्ट ते कान लावून ऐकत आणि कुठे दुखतंय ते सांगत. पण कसं ओळखलं ते सांगत नसत. नवीन मेकॅनिक बरोबर असला की ऐन वेळी त्याला खाली पाना आणायला पाठवत. तो वर येईपर्यंत लिफ्ट चालू झालेली असे. दीड वर्षात ते निवृत्त होणार होते.

ताईंनी त्यांना नीट विनंती केली. मिस्त्री म्हणाले, “ताई, तुमचा मान ठेवतो. पण हे लिहिण्यासारखं नसतं. हाताला कळतं ते.” पोर्टलवर त्यांचे शून्याच्या वर दोन गुण होते, तेही चुकून अंगठा लागल्याने.

ताईंनी आठवडाभर विचार केला. मग त्यांनी एका प्रसूतिगृहाच्या लिफ्टचं पान लिहिलं. ‘ही लिफ्ट दर पावसाळ्यात बंद पडायची. दोष धाकट्या मिस्त्रींनी शोधला. दुसऱ्या मजल्याच्या दाराच्या कडीत गंज धरायचा.’

लिफ्ट पावसाळ्यात बंद पडायची एवढं सोडलं तर यातलं एक अक्षर खरं नव्हतं. ताईंनी लिफ्ट मात्र विचार करून निवडली होती. ती वर्षभरापूर्वीच काढून भंगारात गेली होती आणि तिथे नवी बसली होती. या पानाच्या भरवशावर कुणी अडकणार नव्हतं. धाकटे मिस्त्री वयाने मोठ्या मिस्त्रींपेक्षा दोनच वर्षांनी लहान होते, आणि त्या दोघांनी नऊ वर्षांत एकमेकांना चहा विचारला नव्हता.

कुणीतरी ते पान मोठ्या मिस्त्रींना फोनवर दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तीन जिने चढून आले आणि थेट ताईंच्या टेबलाशी उभे राहिले. मी काचेपलीकडून नटबोल्ट मोजत असल्यासारखं केलं.

“हे कुणी लिहिलंय?”

“मी. का, चुकलं काही?”

“चुकलं? दुसरा मजला? ताई, तिसरा मजला होता तो. कडी नव्हती, कडीच्या मागची पट्टी होती. भिंत ओल धरायची आणि पट्टी केसभर सरकायची. आणि धाकटा त्या दिवशी सुट्टीवर होता.”

“असं का. मग बदलते. पट्टी सरकलीय हे ओळखायचं कसं?”

“दार लागताना दोनदा वाजतं. टक् नाही, टक्-टक.”

“सावकाश सांगा, टाइप करतेय.”

मिस्त्रींनी खुर्ची ओढली. दुपारच्या जेवणापर्यंत ते बसले होते. भंगारात गेलेल्या लिफ्टची त्यांनी दीड पान माहिती सांगितली, एकही गोष्ट न वगळता. उठताना म्हणाले, “बाकीच्या पानांवरही असलाच कचरा आहे का?”

“असेल. मला कुठे कळतंय त्यातलं.”

त्यानंतर ते दर मंगळवारी येऊ लागले. मग धाकटे मिस्त्री शुक्रवारी येऊ लागले, मोठ्यांनी सांगितलेलं तपासायला. पानं वाढत गेली. मेकॅनिक लोक रस्त्यातच फोनवर पान वाचून वर चढू लागले आणि उतरल्यावर एखादी ओळ घालू लागले. सुधारले नाहीत ते फक्त जुने दोघे-तिघे. ते ताईंना फोन करून विचारत, “ताई, ते पानावर आहे ना?” ताई म्हणत, “आहे की.” मग ते म्हणत, “वाचून दाखवता का जरा?”

वर्षअखेरीस सहभागाचा निकाल लागला. हिशेबनिसाला दोन हजार एकशे चाळीस गुण पडले आणि काचेचं मानचिन्ह मिळालं. तक्रारताईंना अकरा. वीसपेक्षा कमी गुण असलेल्यांसाठी साहेबांनी सुधार-वर्ग ठेवला होता. त्यात एकट्या ताई होत्या. मोठ्या मिस्त्रींचे एकवीस झाले होते. वर्ग रिकामा दिसू नये म्हणून आम्हा सगळ्यांना मागे बसवलं.

शिकवायला पोर्टलच्या कंपनीतली एक तरुण मुलगी आली होती. ती मन लावून शिकवत होती. म्हणाली, “पोर्टल कसं वापरावं याचं उत्तम उदाहरण मला तुमच्याच इथे सापडलं. आम्ही आता हे दुसऱ्या कंपन्यांनाही दाखवतो.” आणि तिने पडद्यावर शिंप्याच्या इमारतीचं पान लावलं. पानाच्या डोक्यावर साहेबांचं नाव होतं. सगळीच पानं विभागप्रमुखांच्या नावावर निघत.

साहेब किंचित हसले. हे पान त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिलं होतं, हे त्यांच्या बाजूला बसलेल्या मला कळलं, कारण त्यांनी हळूच विचारलं, “हा शिंपी कोण?”

“आणि कुणी काय भर घातली तेही बघता येतं,” मुलगी म्हणाली, आणि तिने पानांचा इतिहास उघडला. पडद्यावर नावं सरकू लागली. तक्रारताई. तक्रारताई. तक्रारताई. मध्येच एखादा मेकॅनिक, मग पुन्हा तक्रारताई. ती मुलगी खाली सरकवत राहिली. पुढच्या बाकावर ताई वही उघडून, पेन हातात धरून बसल्या होत्या.

“या कोण?” मुलीने विचारलं.

“मी,” ताई म्हणाल्या. “पण तुम्ही शिकवा. मला ते अंगठ्याचं अजून नीट जमत नाही.”

हिशेबनीस एकदम खिडकीबाहेर बघायला लागला.

साहेब मनाने वाईट नव्हते. पुढच्याच सोमवारी त्यांनी ताईंना सहभाग प्रमुख केलं. नवं टेबल, चाकं धड असलेली खुर्ची, आणि काम एकच, लोकांचा सहभाग वाढवायचा. तक्रारींचा फोन दोन मेकॅनिकांकडे दिला, पानं होतीच. यजमान म्हणाले, “बघ, मोडली की नाही खुर्ची?” आणि मग नवी कशी आहे तेही विचारलं.

ताईंनी पहिल्याच आठवड्यात नियम बदलला. फुलाला शून्य, पानाला दहा. हिशेबनीस तीन दिवस सुन्न होता. चौथ्या दिवशी त्याने पान लिहिलं, ‘रजेचा अर्ज परत का येतो’. त्यात सात कारणं होती आणि सातही त्यानेच आजवर अर्ज परत करताना वापरलेली होती. त्याआधी ती कुणालाच माहीत नव्हती. मला वाटतं, त्या कंपनीत कुणी लिहिलेलं सगळ्यात प्रामाणिक पान ते असावं. दोन महिन्यांत अर्ज परत येणं जवळपास थांबलं, आणि हिशेबनिसाला दुपारी काय करावं हा प्रश्न पडू लागला.

पुढच्या उन्हाळ्यात मोठे मिस्त्री निवृत्त झाले. साहेबांचं भाषण झालं, हार घातला. जाताना धाकट्या मिस्त्रींनी त्यांची पिशवी खालपर्यंत नेली.

निवृत्त माणसाचा पासवर्ड महिन्याभरात बंद करायचा असतो. त्यासाठी एक अर्ज असतो आणि त्यावर सहभाग प्रमुखांची सही लागते. मिस्त्रींचा अर्ज वेळेवर ताईंच्या टेबलावर आला. त्यासोबत संगणक विभागाने कळवलं होतं की हे गृहस्थ अजून रोज सकाळी दहाला पोर्टल उघडतात, जेवायच्या वेळेला बंद करतात, आणि आतापर्यंत त्यांनी एकशे सहा पानं दुरुस्त केली आहेत. एकतीस वर्षं ज्यांनी कुणाला एक वाक्य शिकवलं नव्हतं, ते घरी बसून बिनपगारी टक् आणि टक्-टक यांतला फरक समजावत होते.

संगणक विभागाचा माणूस दर सोमवारी येऊन विचारतो, “ताई, त्या अर्जावर सही झाली का?”

ताई कागद चाळल्यासारखं करतात आणि म्हणतात, “त्यात तारीख कुठल्या रकान्यात घालायची ते समजत नाहीये. बघते.”