मिशी आणि बारीक मानेचं काडतूस

नाशिकरोडला माझं कटिंगचं दुकान आहे. दर रविवारी एक रिटायर्ड फौजी काका येतात. नाव मी कधी विचारलं नाही, कारण ते मला बोलायला चान्सच देत नाहीत. खुर्चीत बसले की पिस्तुलाच्या काडतुसांच्या गप्पा सुरू!

त्या दिवशी त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता आणि मिशी कोरून हवी होती. मी म्हटलं, "काका, तोंड बंद ठेवा."

काकांनी माझी पाण्याची बाटली उचलली. "हे बघ रे, एक काडतूस असं असतं. खाली जाड, वर मान बारीक. दारू भरपूर आणि गोळी छोटी, म्हणून सुसाट जाते, लांबपर्यंत सरळ." मग पावडरचा डबा उचलला. "हे दुसरं, सरळसोट. गोळी जाड, पण हळू. लांब गेली की खाली पडते."

"मग त्या बारीकवाल्याचा आवाज लय होत असेल," मी वैतागून बोललो. माझ्यासारख्या चौथी नापास माणसाने गप्प बसावं ना! काका खूश होऊन गर्रकन वळले आणि डावी मिशी अर्धी कात्रीत आली.

बरोबरी करायला मी उजवी कापली, तर ती जास्त कापली गेली. मग परत डावी. शेवटी नाकाखाली माशी बसल्यासारखं उरलं, तेही मीच उडवलं.

काका आरशात बघतच राहिले. मला वाटलं, आता पिस्तूल आणायला घरी जातात.

त्यांनी ओठावर रुमाल धरला आणि माझ्या कात्रीकडे बोट दाखवलं. "एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "एवढ्या जवळून मारलं की कुठलंही काडतूस सारखंच."