सुरात सापडलेलं 'अहो'

माझा आवाज गेला नव्हता. हे आधी सांगते, कारण लोकांना तसंच वाटायचं आणि ते माझ्याशी मोठ्यानं बोलायचे. आवाज होता, ऐकू येत होतं, समोरचा काय म्हणतोय ते सगळं कळत होतं. गेले होते ते शब्द. तळेगावच्या भाजीबाजारात मेथीची जुडी हातात धरून मी भाव विचारायला तोंड उघडलं आणि तोंडातून बाहेर पडलं, "चादर." भाजीवाली हसली. मीही हसले आणि पुन्हा विचारलं, तर पुन्हा "चादर, चादर." मग उजव्या हातातून जुडी खाली पडली आणि ती उचलायला हात वाकेना.

डॉक्टरांनी मेंदूतल्या गुठळीवर वेळेत उपचार केले, त्यामुळे जीव वाचला. हातापायांत हळूहळू बळ आलं. बोलणं मात्र आलं नाही. सारा जन्म मी पहिली-दुसरीच्या मुलांना अक्षरं शिकवली. निवृत्त झाल्यावरही सोसायटीतली मुलं पाढे म्हणायला माझ्याकडे यायची. आणि आता मला पाणी हवं असलं की मी तांब्याकडे बोट दाखवत होते. डोक्यात 'पाणी' हा शब्द लख्ख दिसायचा, पण जिभेपर्यंत येता येता कुठे नाहीसा व्हायचा कोण जाणे. जितका जोर लावावा तितकं तोंड घट्ट मिटायचं. धाकटी लेक नाशिकला असते. ती रोज संध्याकाळी फोन करायची, पण मी तो हातात घ्यायचे नाही. तिचं नावच येत नव्हतं, तर फोन घेऊन काय करू? मग आमचे हेच फोन कानाला लावून सांगायचे, "आई बरी आहे गं, झोपलीय." मी समोरच बसलेली असायचे.

आठवड्यातून दोनदा मृणाल नावाची वाचा-उपचार करणारी मुलगी घरी यायची. फार गुणी पोर. चित्रं दाखवायची, ओठ कसे हलवायचे ते आरशात शिकवायची, कधी कंटाळली नाही. तिनं सुरुवातीलाच म्हटलं होतं, "काकू, आपण गाऊन बघू या का? कधीकधी बोलणं अडतं, पण गाणं सुटतं." मी मान फिरवली. मी काही गाणारी बाई नव्हे. शाळेत प्रार्थनासुद्धा दुसऱ्या बाई घ्यायच्या, मी नुसती ओळीत उभी असायचे. आणि ज्या वयात लोक नातवंडांना गाणी शिकवतात, त्या वयात मला कुणी बडबडगीतं म्हणायला लावावं, याचा मला राग यायचा. मृणालनं आग्रह केला नाही. "बरं, तुमचं मन होईल तेव्हा," म्हणाली.

देवावरही मी रुसले होते. शिरगावच्या साईमंदिरात आम्ही अधूनमधून गुरुवारी जात असू. आजारानंतर मी जायचंच नाही असं ठरवलं होतं. त्याच्यापुढे उभं राहून करायचं काय? नाव घेता येत नाही, मागणं मागता येत नाही. पण एका गुरुवारी यांनी काही न विचारता माझ्या चपला दाराशी काढून ठेवल्या आणि रिक्षा बोलावली. भाताची कापणी चालू होती. शिरगावच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ओल्या पेंढ्याचा वास येत होता. मी रिक्षात डोळे मिटून बसले होते. बाबांशी भांडायलासुद्धा शब्द नाहीत, एवढंच मनात होतं.

मंदिरात गर्दी होती. मला फार वेळ उभं राहवेना, म्हणून हे मला मंडपात भिंतीला टेकवून प्रसाद आणायला गेले. माझ्या शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली एक वयस्क बाई बसली होती. आपल्याच नादात काहीतरी गुणगुणत होती. माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "कुटनं आलाव, बाई?"

मी तोंडाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. एरवी लोक इथे ओशाळून गप्प होतात किंवा दुसरीकडे बघू लागतात. ती तशी गप्प झाली नाही.

"वारं गेलं व्हय अंगावरनं?" ती म्हणाली. "आमच्या बाचं बी असंच झालतं. लय वरडायचा, पर सबुद न्हाई. मंग आमी पोरी त्याच्यासंगं गात बसायचो. बोलायला न्हाई यायचं, पर गाताना यायचं बगा."

एवढं बोलून तिनं माझा डावा हात उचलला, आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवून ताल धरला. मग गाऊ लागली. ते कुठल्या आरतीतलं नव्हतं, तिचं आपलंच होतं:

"ये बाबा ये, वसरीवर ये,
पाय धुवाया पानी घे."

पुन्हा तेच, पुन्हा तेच. चाल अगदी साधी, दोन पायऱ्या चढून एक उतरावी तशी. तिनं मला 'म्हणा' असं म्हटलं नाही. माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलंही नाही. समोर बाबांच्या मूर्तीकडे पाहत ती गात राहिली आणि माझा हात तिच्या हाताखाली खालीवर होत राहिला. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच माझ्याकडून कुणाला काही नको होतं. कधी कोण जाणे, मी हुंकार देऊ लागले. मग त्या हुंकारात एक "ये" आला. तो माझा होता हेसुद्धा मला लगेच कळलं नाही. पुढच्या फेरीला "बाबा ये" आलं. त्याच्या पुढच्या फेरीला तिनं आवाज हळूहळू कमी केला आणि मी एकटीच म्हणत होते, "पाय धुवाया पाणी घे." पाणी! तांब्याकडे बोट दाखवून दाखवून थकले होते तो शब्द, असा सहज, जणू कधी हरवलाच नव्हता.

मी घाबरून थांबले. ती म्हणाली, "थांबू नगा. त्यो ऐकतोय. म्हना."

तेवढ्यात हे गर्दीतून वाट काढत, दोन्ही हातांत प्रसादाच्या शिऱ्याचे द्रोण सांभाळत येताना दिसले. मला हाक मारायची होती. मी जोर लावला नाही. हात तालावर होता, त्याच चालीत तोंडातून बाहेर पडलं, "अहो... अहो, या..."

हे जागच्या जागी उभे राहिले. एक द्रोण हातातून सुटला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं ते त्या मंडपात, सगळ्यांच्या देखत, शिऱ्यानं माखलेला हात डोळ्यांना लावून.

मृणालला हे कळलं तेव्हा तिनं मला घट्ट मिठी मारली. मेंदूत बोलण्याची वाट एका बाजूला असते आणि सुरांची बरीचशी दुसऱ्या बाजूला, असं तिनं समजावून सांगितलं. एक वाट बुजली तरी दुसरीवरून शब्द आणता येतात, ताल धरणारा हात त्यांना मदत करतो. तिला हीच वाट धरायची होती, माझी तयारी नव्हती म्हणून ती थांबली होती. तिचं म्हणणं मी मनापासून मानते. मंडपात जे घडलं तेही मानते. यातलं कुठलं खरं, असा प्रश्न मला कधी पडला नाही. दोन्हींत मला त्याचाच हात दिसतो.

मग आमच्या घरात गाण्याचं राज्य सुरू झालं. मी चालीत चहा मागायचे, चालीत खिडकी लावायला सांगायचे. यांना सुराचा गंधही नाही, पण तेही चालीतच उत्तर द्यायचे, "आणतो गं आणतो, साखर संपली." शेजारच्या वहिनी दारात उभ्या राहून पोट धरून हसायच्या. एका संध्याकाळी मी आपण होऊन फोन मागितला आणि लेकीचं नाव गाऊन म्हटलं. पलीकडून ती म्हणाली, "आई, परत म्हण." मी परत म्हटलं. त्या दिवशी आम्ही दोघी एवढंच बोललो आणि ते पुरेसं होतं.

सगळं सरळ झालं असं नाही. काही दिवस कोरडे जायचे, एक शब्द यायचा नाही, जुना राग उसळून यायचा. हळूहळू चाल गळत गेली आणि शब्द तेवढे उरले. आजही मी अडखळते. अडखळले की थांबते, बोटांनी ताल धरते आणि वाट बघते. आधी मी शब्दाला ओढून आणू पाहायचे. आता त्याला यायला जागा करून देते. शरण जाणं म्हणजे हात टेकणं, हरणं, असं मला वाटायचं. तसं ते नाही, हे मला या आजारानं शिकवलं.

ती बाई मला पुढच्याच गुरुवारी तिथेच भेटली. रशीदाबी तिचं नाव, राहते सोमाटण्याजवळ. मी तिचे पाय धरायला वाकले तर तिनं मला दंडाला धरून वर उचललं. "म्या काय केलं? त्यो बसलाय न्हवं तितं, त्याला सांगा." आता तिची-माझी मैत्री आहे.

मृणालनं आमच्या सोसायटीच्या सभागृहात माझ्यासारख्यांचा एक गट सुरू केलाय. शनिवारी सगळे जमतात आणि गातात, येईल तसं. रशीदाबी जमेल तेव्हा येते. मागच्या शनिवारी एक गृहस्थ आले होते, कारखान्यातून निवृत्त झालेले. बायको हाताला धरून घेऊन आली. आजारी पडल्यापासून ते कुणाशी काही बोललेच नव्हते. खुर्ची त्यांनी भिंतीकडे वळवून घेतली. मी शेजारी जाऊन बसले, त्यांचा हात माझ्या हातात घेतला आणि सगळ्यांबरोबर गात राहिले. त्यांच्याकडे पाहिलं नाही. पुष्कळ वेळ काहीच झालं नाही. मला वाईट वाटलं नाही. घडवायचं काम माझं नव्हतं, सोबत बसायचं तेवढं माझं होतं.

गाणं संपता संपता त्यांच्या गळ्यातून आमच्याच चालीत, जाडाभरडा, एक शब्द आला, "भाकर."

त्यांची बायको ताडकन उठली. हसत होती की रडत होती, सांगता येत नाही. "करते, आत्ता करते," म्हणत ती चपला शोधू लागली. शेवटी एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात रशीदाबीची चप्पल घालून नवऱ्याला घरी घेऊन गेली. रशीदाबी अनवाणीच दारात उभी होती. तिनं आभाळाकडे पाहून दोन्ही तळवे पसरले आणि तिच्या शेजारी उभी राहून मी हात जोडले.