खालची जागा

पुण्याला लेकीकडे निघाले तेव्हा पोरगा म्हणाला, "आई, एसीचं तिकीट काढतो." मी म्हणाले, "कायले? साधा डबाबी पुण्यालेच जाते." घरी अडचण काहीच नव्हती. चिकटपणा माझाच.

धामणगावला गाडीत चढले, तर माझी जागा अगदी वरची. गुडघ्यांनी चढवेना. खालच्या जागेवर नेरकडच्या तांड्यावरचा एक माणूस बसला होता, बांधकामावर मजुरीला निघालेला. त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं बाक पुसला. "याडी, तू इथं लेट. मी वर जातो." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

मग त्यानं भाकर मोडली आणि मोठा तुकडा मला दिला. "घे वं. एसी आपल्यासारख्यायले कुठं परवडते!"

मला परवडते, असं म्हणायला हवं होतं. मी हातातल्या सोन्याच्या पाटल्या पदराखाली घेतल्या आणि म्हणाले, "खरं हाय रे बापू."

पुण्यात उतरताना माझी पिशवी त्यानंच उचलली. "लय जड हाय, याडी. काय भरलं?"

लेकीसाठी केलेले तुपातले लाडू होते. रस्ताभर मी डबा उघडला नव्हता.

"जुने कपडे," मी म्हणाले.