दोघांनी उचलायचं ग्रिल

काटेवाले काका आयुष्यात कुणाला 'जरा हात लावता का?' म्हणाले असतील तर शपथ. खोडच ती, दुसरं काय! चाळीस वर्षं दुकानोदुकानी फिरून वजनकाटे दुरुस्त केले, काटे तपासायच्या वजनांची लोखंडी पेटी वाहिली, पण मदत मागितली नाही. त्या पेटीला दोन बाजूंना दोन कड्या होत्या. एक काकांच्या हातात, दुसरी बायकोच्या. ती न सांगता धरायची, म्हणून कुणाला विचारायची वेळच आली नाही. ती गेली त्याला आता तीन वर्षं झाली. पेटी पलंगाखाली गेली आणि काका एकटे जेवू लागले.

मुलगी दूर राहायची. दर आठवड्याला फोनवर तिचं एकच पालुपद. "बाबा, घरात कोंडून घेऊ नका. रविवारी तळ्यावर लोक कणसं-बटाटे भाजायला ग्रिल घेऊन येतात, तुम्हीही एक घ्या ना. चार माणसांत बसा."

"बसतो की," काका म्हणायचे. खोटं नव्हतं ते. तळ्याकाठच्या बाकावर, हात मांडीवर ठेवून, लोकांच्या ग्रिलचा धूर खात ते बसायचेच. वर्षभरात एक जण त्यांच्याशी बोलला होता, तोही 'जरा सरकता का' म्हणायला.

शेवटी एका गुरुवारी ते दुकानात गेले. विक्रेती पोरगी चुणचुणीत होती. "किती माणसांसाठी हवंय, काका?"

आली का पंचाईत! "पाच-सहा," काकांच्या तोंडून निघून गेलं आणि कान तापले. अख्खी हयात पाच ग्रॅमची चूक खपवून घेतली नाही या माणसाने, आणि इथे सरळ पाच माणसांची थाप!

तिने एक गॅस ग्रिल पुढे केलं. काकांनी ते हाताने तोललं. "चिठ्ठीवर नऊ किलो लिहिलंय. साडेनऊच्या खाली भरलं तर मिशी उतरवीन."

पोरीने हसत हसत पार्सलच्या काट्यावर ठेवलं. नऊ किलो सहाशे. "अगंबाई!" ती म्हणाली. काका क्षणभर खूश झाले, मग लगेच खोट काढायला बसले. पाय डुगडुगतात. बर्नरला आडोसा नाही, तळ्यावरच्या वाऱ्याने पटकन विझेल. दुसऱ्या ग्रिलचा पत्रा इतका पातळ की चार बटाटे ठेवले तर पोक येईल. तिसरं मात्र बेतशीर होतं. एकच बर्नर, खाली गॅसचा छोटा डबा, खांद्याला अडकवायची पिशवी. ज्योत स्थिर, पाय घट्ट, वजन जेमतेम पाच किलो. खोट म्हणून सापडेना.

"हेच घ्या," पोरगी हळूच म्हणाली. तिला बहुतेक सगळं कळलं होतं. "एकट्या माणसाला अगदी सोयीचं. कुणाची मदत लागत नाही."

ती बोलली त्यात चूक काहीच नव्हती. पण पुढची दहा वर्षं काकांच्या डोळ्यांपुढून गेली. खांद्याला ती पिशवी, तोच बाक, एक कणीस. कुणाची मदत न लागता!

"आणि ते?" त्यांनी कोपऱ्यात बोट दाखवलं.

"ते जड आहे हो. दोन बर्नर, चौदा किलो. दोघं लागतात उचलायला." त्याला दोन बाजूंना दोन कड्या होत्या.

"तेच द्या."

म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं तिला वाटलं असेल. अजिबात फिरलं नव्हतं. उचलायला दुसरं माणूस लागणार म्हणजे त्याला विचारावं लागणार, एवढी साधी गोष्ट होती.

पण साधी गोष्टच जिवावर येते. दुकानाच्या दोघा माणसांनी ग्रिल तिसऱ्या मजल्यावर आणून टाकलं आणि ते तीन रविवार चादरीखाली पडून राहिलं. पहिल्या रविवारी आभाळ आलं होतं. दुसऱ्या रविवारी गुडघा दुखत होता. तिसऱ्या रविवारी काही म्हणजे काही झालेलं नव्हतं, तरी काकांनी दार उघडून समोरच्या दाराकडे पाहिलं आणि लावून घेतलं.

चौथ्या रविवारी त्यांनी समोरचं दार वाजवलं. तिथे बसचा ड्रायव्हर राहायचा. नऊ वर्षांची ओळख, नुसती मान हलवण्याची. गणवेशाची बटणं लावत तो बाहेर आला. "काका? काय झालं?"

आठवडाभर घोकलेलं वाक्य, तरी अर्ध्यात अडखळलं. "जरा... हात लावता का?"

"एवढंच ना? चला की."

ड्रायव्हर पुढे, काका मागे, असे ते जिना उतरू लागले. काकांच्या हाताला वजन नेमकं कळलं. सात किलो. उरलेले सात दुसऱ्याच्या हातात होते. तीन वर्षांत असं अर्धं वजन त्यांच्या हाताला लागलं नव्हतं. डोळे भरून आले, पायरी दिसेना, म्हणून ते थांबले.

"दमलात?"

"छे! हात बदलतोय."

खाली आवारात ग्रिल टेकवून ड्रायव्हरने घड्याळ पाहिलं. "तळ्यावर ना? इथून पुढे कोण येतंय उचलायला?"

'येतील की' अगदी ओठांवर आलं होतं. काकांनी ते गिळलं. "कोणी नाही," ते म्हणाले. "कोणीच नाही हो."

"मला गाडीवर जायलाच हवं," ड्रायव्हर म्हणाला, आणि ते खरंच होतं. "चारला सुटतो. आज इथेच पेटवा. वर न्यायला मी येतो. एकट्याने उचलायचं नाही, सांगून ठेवतोय!" आणि तो धावत गेला.

काकांनी भिंतीच्या आडोशाला एक बर्नर पेटवला. बरोबर आणलेल्या पिशवीतलं एक कणीस, एक बटाटा, उभ्याउभ्याच खाल्लं. वरच्या गॅलरीत एक बाई आली, वाळलेले कपडे काढून आत गेली. दुपार सरता सरेना. येईल का तो? माणसं बोलून जातात, त्यात काय! ग्रिल ओढत, पायरी पायरी करत एकट्याने वर नेता आलं असतं. पूर्वीचे काका असते तर नेलंही असतं. पण त्यांनी कडीला हात लावला नाही.

पावणेचारला त्यांनी पिशवीतली उरलेली कणसं सोलली आणि दुसरा बर्नर पेटवला.