कुमुदने मला कावळा केलं

कुमुदचा मुलगा सकाळीच दारात दिसला आणि मी ओळखलं. एरवी तो बोलावूनसुद्धा ठाण्याहून डोंबिवलीला येत नाही. "मावशी, आई गेली… झोपेतच," म्हणाला. मी आधी त्याला चहा पाजला. रडायचं काम मागाहून, सवडीने केलं.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला आम्ही दोघी कल्याणच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवत होतो. मी कायम, ती हंगामी. म्हणून मी स्वतःला तिची साहेबीण समजत असे. खळ घातलेली साडी, पर्समध्ये दोन लाल पेनं, आणि दहापैकी सहाच्या वर मार्क द्यायचे म्हटलं की हात जड व्हायचा. बारावीला एक जुनं शोकांत नाटक होतं. राजा संशयावरून मुलाला हाकलून देतो, मुलगा रानात मरतो, मग राजाला खरं कळतं. मी 'राजाचे स्वभावचित्र' लिहून देई, पोरं घोकत. राजपुत्र मेल्याचं कुणालाच सोयरसुतक नव्हतं, मला तर मुळीच नाही.

कुमुदने लिहून देणं बंद केलं. "नाटकातलं काहीतरी करून दाखवा," म्हणाली. मोहने गावच्या दोन पोरांनी, ज्यांचे वडील कारखान्यात होते, राजवाड्याच्या पहारेकऱ्यांची गेट मीटिंग घेतली: असला हुकूम पाळायचा की संप करायचा? शेवटी तिने काढला राजपुत्राचा दहावा. टेबलावर मातीचा पिंड. एकेकाने राजा होऊन मुलाला कबुली द्यायची. पटली तरच कावळा शिवणार.

"कावळा कोण?" मी विचारलं.

"तू. तुझ्याइतकं चिकट कोण आहे कॉलेजात?"

मी ठाम नकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी घरून काळी शाल घेऊन गेले.

पण तोवर वर्गातल्या विजूची आई प्राचार्यांकडे पोचली होती. नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं तिचा. "शाळा-कॉलेजात दहावे घालतात होय?" प्राचार्यांनी कुमुदला सांगितलं, बाईंचं समाधान करा, नाहीतर कायम करण्याची शिफारस विसरा. कुमुदच्या नवऱ्याची कंपनी बंद पडलेली; घर तिच्या एकटीच्या पगारावर.

"अगं, निबंध दे नि मोकळी हो," मी म्हटलं. तिने काय करावं? सरळ विजूच्या आईला गाठलं. "तुम्ही वर्गात येऊन बसा. नको वाटलं तर तिथेच थांबवू."

बाई शेवटच्या बाकावर बसल्या, तोंडाला पदर लावून. मी खिडकीपाशी शाल पांघरून. पहिल्या राजाने मुलाचा पुतळा कबूल केला. दुसऱ्याने कान भरणाऱ्यांना फाशी. तिसऱ्याने अर्धं राज्य दान केलं. मी ढिम्म.

"मॅडम, कावळा झोपला काय?" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

विजूची आई उठली. झालं, मला वाटलं… आता थांबवणार. कुमुदच्या हातातला खडू मोडलेला मी पाहिला.

"सगळे देतो-देतोच म्हणतायत," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं, एवढं म्हणा की त्याला!"

त्या विजूकडे बघत नव्हत्या, पिंडाकडे बघत होत्या.

"माझ्या दिरांनी ह्यांना घराबाहेर काढलं होतं. दहाव्याला सगळं कबूल केलं त्यांनी. विजूचं शिक्षण, माझं औषधपाणी… तेवढं एक नाही म्हणाले. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं."

मी उठले, शाल सावरत गेले आणि पिंडाला हात लावला. आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी पैकीच्या पैकी दिले.

तास संपल्यावर बाई प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. आम्ही बाहेर, मी कुमुदपेक्षा जास्त घाबरलेली. बाहेर येऊन "माझी तक्रार नाही," एवढंच म्हणाल्या आणि जिना उतरल्या. पुढच्या जूनमध्ये कुमुद कायम झाली.

त्या तासाने तिला मात्र एक खोड लागली. 'चुकलं' म्हणायला ती कधी लाजली नाही; फळ्यासमोर पोरांना म्हणायची, घरी सुनेला म्हणायची. आणि मी तर जन्माची भांडकुदळ. दुपारी कडाक्याचं वाजलं की संध्याकाळी हिचा फोन: "चुकलं गं माझं. जेवलीस का?" चूक बहुतेक वेळा माझीच असायची, तेही तिला ठाऊक असायचं. मी ऐटीत म्हणायचे, "ठीक आहे, माफ केलं."

कुमुद जाऊन महिना झाला. परवा धाकट्या बहिणीशी जुंपली माझी, कोलशेतला राहते ती. संध्याकाळभर फोनकडे बघत बसले. वाजला नाही. मग चष्मा लावला, बहिणीचा नंबर शोधला आणि तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं… "चुकलं गं माझं." आवाज अगदी कुमुदसारखा निघाला.