डावीकडची पहिली सीट

ग्रिझेल टर्नबुल रस्त्यानं आली की आमच्या गावातली कुत्रीसुद्धा पलीकडच्या फुटपाथवर जायची. बाईचं तोंड म्हणजे लोकर कापायची कात्री. जन्मभर गिरणीत मागावर उभी राहिली. तिथल्या खडखडाटात ओठांवरून बोलणं ओळखायची सवय लागली, त्यामुळे तिच्याबद्दल लांबूनही काही पुटपुटायची सोय नव्हती. नवरा बिचारा भिंतीकडे तोंड करून बोलायचा. गेला तोही भिंतीकडे तोंड करूनच.

आम्ही बोल्स क्लबची, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवत खेळणारी, मंडळी दर उन्हाळ्यात बस ठरवून डोंगराकडे जातो. ग्रिझेलला बसमध्ये एकच जागा लागायची, डावीकडची पहिली खिडकी. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा बाप मेंढपाळ. खिंड ओलांडली की एका वळणावर त्यांचं दगडी घर दिसतं, आणि नीट दिसतं ते त्याच खिडकीतून, तेही एक जांभई देईपर्यंत. त्या वर्षी ती जमीन विकली गेली होती. थंडी पडली की घर पाडून तिथं झाडं लावणार होते. म्हणजे तिचं हे शेवटचंच बघणं.

आणि नेमका त्याच वर्षी आमचा सहलप्रमुख आर्ची पर्व्हिस म्हणाला, "यंदा पुढच्या जागा आळीपाळीनं. पहिली पाळी माझी. माझे गुडघे दुखतात."

"गुडघ्यांना बाहेरचं बघायचंय का?" म्हणत ग्रिझेल त्याच्याआधी चढून बसलीसुद्धा.

"ऊठ, ग्रिझेल."

"उठव की. हात लावून बघ."

आर्ची मागे जाऊन काहीतरी पुटपुटला. ड्रायव्हरच्या आरशात बघत ग्रिझेल म्हणाली, "थेरडी असेल तुझी सासू, आर्च्या!"

अख्खी बस हसली. आर्ची बिटासारखा लाल झाला आणि त्यानं फतवा काढला, हिच्याशी कुणी बोलायचं नाही. आम्ही सगळ्यांनी तो आनंदानं पाळला, कारण त्या कात्रीनं प्रत्येकाला कुठं ना कुठं कापलेलं होतंच. पेपरमिंटची पिशवी फिरली तीही तिला वगळून.

खिंडीच्या अलीकडे चहाला थांबलो. ग्रिझेलचा आमच्यावर काडीचा विश्वास नव्हता. जागा कुणी बळकावू नये म्हणून तिनं कोट काढून सीटवर उभा केला, आत पिशवी कोंबली, बटणं लावली आणि वर सीटच्या पाठीच्या टोकाला हिरवी टोपी चढवली. मग कोपऱ्यातल्या टेबलावर एकटीनं सूप प्यायली.

निघताना आर्चीनं मागच्या बाजूला उभं राहून डोकी मोजली. पुढं जाऊन तिचं तोंड बघायचं नाही अशी शपथच होती ना! बस निघाली, खिंड चढली. वळण जवळ आलं तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

"ग्रिझेल, अगं, घर आलं बघ!"

टोपी हलली नाही.

"फुगलीय," आर्ची म्हणाला.

मी उठून पुढं गेलो. कोटाच्या आत पिशवी! टॅम ड्रायव्हरनं सगळ्या क्लबचा उद्धार केला आणि एका शेताच्या फाटकात कशीबशी बस वळवून चहाच्या ठिकाणी परत नेली.

बाई भुरभुर पावसात हाताची घडी घालून उभी.

"मी मोजलं होतं," आर्ची म्हणाला.

"माझी टोपी मोजलीस. तुझ्यापेक्षा तिच्यात अक्कल जास्त, म्हणून माणूस वाटली असेल."

पुन्हा खिंड, पुन्हा वळण. टॅमनं कुणाला न विचारता बस थांबवली. आम्ही सगळ्यांनी उठून डावीकडच्या खिडक्यांशी गर्दी केली. ग्रिझेल ताडकन उभी राहिली.

"बसा खाली! सकाळपासून एक शब्द नाही, एक गोळी नाही, आणि आता माझं घर बघायला धावताय? उजवीकडे तोंडं करा. सगळ्यांनी!"

आणि गंमत बघा, भरलेली बस मुकाट्यानं उजवीकडे वळली. तिकडे रस्त्याला चिकटलेला नुसता ओला कातळ. तो आम्ही प्रदर्शनातलं चित्र बघावं तसा टक लावून बघत बसलो. आर्चीनं मान जरा तिरकी केली तशी मी त्याला कोपर मारलं.

बाहीनं काच पुसल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "धुराडं पडलंय." आम्हाला उद्देशून नव्हे.

मग म्हणाली, "चल, टॅम."

बस हलली.

"आता इकडे बघू का?" आर्चीनं विचारलं.

"बघ की," ग्रिझेल म्हणाली. "आता तिथं काही नाही."